४२९४९६७२९७ मूळ आहे का? वही-पेनावर कसं ठरवायचं

प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या आहेत. २^३२ + १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे संगणकाशिवाय ठरवता येईल का? आणि २ हा पाया घेऊन केलेल्या चाचणीत ही संख्या मूळ म्हणून पास होते, तर मग ६४१ ने तिला निःशेष भाग कसा जातो? (^ हे चिन्ह घातासाठी वापरलं आहे: २^३२ म्हणजे २ चा ३२ वा घात.)

आधी उत्तर सांगतो. संख्या संयुक्त आहे:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

उजवीकडचे दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे तिला विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. या संख्येला खाली सगळीकडे फ म्हणतो. तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फ ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ येते. त्यामुळेच तिचे अवयव शोधणं फार सोपं होतं, आणि त्यामुळेच २ पायाच्या चाचणीला तिच्यात काही खोट दिसत नाही.

संख्या आली कुठून

२^(२^क) + १ या रूपाची प्रत्येक संख्या मूळ असते, अशी खात्री फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये पत्रांतून व्यक्त केली होती. क च्या जागी ०, १, २, ३, ४ घातले की ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात, आणि त्या पाचही खरोखर मूळ आहेत. या रूपाच्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात, आणि क = ५ ला फ येते. गोल्डबाखने डिसेंबर १७२९ च्या पत्रात ऑयलरला या विधानाविषयी विचारलं, आणि ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ हा विभाजक पुढे ठेवून विधान खोडून काढलं. मला यात सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट अशी, की ६४१ पर्यंत नेणारी वाट ज्या सिद्धांतातून निघते तो 'छोटा सिद्धांत' फर्माचाच, आणि त्याचं पत्रसुद्धा १६४० चंच आहे. हत्यार हातात होतं, ते या संख्येवर चालवलं गेलं नाही.

सरळ भागत बसलं तर

शाळेतल्या कसोट्या इथे लगेच संपतात. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ने भाग नाही. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजा ३८ आणि २१, फरक १७, म्हणून ११ ही बाद. फ चं वर्गमूळ ६५५३६ पेक्षा किंचित जास्त आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. ओळीने भागत गेलात तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या, म्हणजे ११५ भागाकार वाया जातात. तेही दहा अंकी संख्येचे.

दोन वर्गांच्या वजाबाकीची पद्धत तर इथे आणखी वाईट. त्यात वर्गमूळाच्या वरच्या पूर्णांकापासून, म्हणजे ६५५३७ पासून, एकेक पाऊल पुढे जात 'वर्ग वजा फ' हा पूर्णवर्ग होतो का ते पाहतात. फ = ३३५०५२९² − ३३४९८८८² असल्यामुळे उत्तर ३२८४९९३ व्या पावलाला येतं. ही पद्धत अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच कामाची. ६४१ आणि ६७००४१७ एकमेकांपासून फार लांब आहेत.

चाळणी: विभाजक ६४क + १ याच रूपाचा

समजा प हा फ चा मूळ विभाजक आहे. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१, आणि तिचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २ चा असा सगळ्यात लहान घात घ्या, ज्याची बाकी १ येते. तो घातांक ६४ चा विभाजक असलाच पाहिजे. पण तो ३२ चा विभाजक असू शकत नाही, कारण तसा असता तर २^३२ ची बाकी −१ नव्हे, १ आली असती. ६४ चे विभाजक १, २, ४, ८, १६, ३२, ६४. यांतला ३२ ला न भागणारा एकच, ६४. म्हणून सगळ्यात लहान घातांक ६४. छोटा सिद्धांत सांगतो की २^(प−१) ची बाकी १ असते, म्हणून प−१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

आता उमेदवार मोजा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांत मूळ पाचच आहेत: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१.

प्रत्येकासाठी दहा अंकी भागाकार करू नका. २^८ = २५६ ची बाकी घ्या, तिचा वर्ग करून २^१६ ची बाकी, पुन्हा वर्ग करून २^३२ ची बाकी, आणि शेवटी १ मिळवा. क्रमाने २^८, २^१६, २^३२ च्या बाक्या आणि नंतर फ ची बाकी:

१९३: ६३, १०९, १०८, फ ची १०९
२५७: −१, १, १, फ ची २
४४९: २५६, −१८, ३२४, फ ची ३२५
५७७: २५६, ३३५, २८७, फ ची २८८
६४१: २५६, १५४, ६४०, फ ची ६४१, म्हणजे ०

पाचव्या प्रयत्नात काम झालं. चूक हमखास होते ती शेवटच्या ओळीत. ६४० आलं की 'शून्य नाही' म्हणून पुढे जायचं मन होतं. पण आपण २^३२ नव्हे, २^३२ + १ तपासतोय. ६४० म्हणजे बाकीच्या हिशेबात −१, आणि तेच हवं होतं. बाकी भाजकाच्या अर्ध्यापेक्षा मोठी आली की ती ऋण लिहायची सवय लावा. ४४९ च्या ओळीत ४३१ चा वर्ग करण्याऐवजी −१८ चा केला तो याचसाठी.

चाळणी आणखी बारीक

१८७८ मध्ये ल्युकाने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेता येतो. आपल्या संख्येसाठी याची सिद्धता दोन ओळींची आहे. य = २^८ × (२^१६ − १) घ्या. त्याचा वर्ग २^१६ × (२^३२ − २^१७ + १). फ ने भागताना २^३२ + १ शून्य होतं, कंसात −२^१७ उरतं, गुणाकार −२^३३ होतो, आणि २^३२ ची बाकी −१ असल्यामुळे तो २ होतो. म्हणजे य² ची बाकी २. मग य^६४ ची बाकी २^३२ ची, म्हणजे −१, आणि य^१२८ ची १. वरचाच युक्तिवाद य ला लावला की प−१ ला १२८ ने भाग जातो.

आता १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढेच उमेदवार, आणि त्यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. दुसऱ्याच प्रयत्नात उत्तर.

या बारीक चाळणीचा खरा फायदा पुढच्या कामात होतो. ६४१ सापडल्यावर बरेच जण थांबतात, पण ६७००४१७ मूळ आहे हे सिद्ध केल्याशिवाय विघटन पूर्ण होत नाही. तिचं वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मध्ये. तिचा मूळ विभाजक हा फ चाही विभाजक, म्हणून तो १२८क + १ या रूपाचाच असणार. २५८८ पर्यंत अशा २० संख्या आहेत, त्यांत मूळ पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. ६७००४१७ ला त्यांनी भागल्यावर बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. पाच भागाकारांत सात अंकी संख्येचं मूळत्व सिद्ध होणं ही दुर्मीळ सोय आहे, ती वाया घालवू नये.

६४१ च का?

विभाजक माहीत झाल्यावर त्याची पडताळणी भागाकार न करताही होते. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६). दुसऱ्या समीकरणाला २^२८ ने गुणलं की ५^४ × २^२८ + २^३२ ला ६४१ ने भाग जातो. पहिल्यावरून, ५ × २^७ ला त म्हटलं तर त^४ − १ ला त + १ ने भाग जातो, म्हणजे ५^४ × २^२८ − १ लाही ६४१ ने भाग जातो. दोघांची वजाबाकी करा: २^३२ + १ उरतं. झालं.

२ पायाची चाचणी का फसते

छोट्या सिद्धांतावरची चाचणी म्हणते: २^(फ−१) ची फ ने भागून बाकी १ आली तर फ मूळ असण्याची शक्यता आहे. इथे फ−१ = २^३२. २ चा ६४ वा घातच १ बाकी देतो, आणि २^३२ ला ६४ ने भाग जातो, म्हणून बाकी १ येणारच. संख्या मूळ असो वा नसो, त्याचा इथे संबंधच येत नाही. फर्मा रूपाची कुठलीही संख्या या चाचणीत पासच होते.

मिलर-राबिन ही कडक चाचणी तरी पकडेल असं वाटतं. तीही २ पायाला पकडत नाही. त्या चाचणीत २ चे लागोपाठ वर्ग करत −१ येतो का ते बघतात: २, ४, १६, २५६, ६५५३६, आणि पाचव्या वर्गाला २^३२, म्हणजे −१. चाचणी खूश.

यावरून ती चाचणी कुचकामी समजू नका. दोष पायाचा आहे. १ ते फ−१ मधल्या पायांपैकी साधी चाचणी फसवणारे पाये १६३८४, म्हणजे बरोबर २६२१४४ त एक. मिलर-राबिनला फसवणारे फक्त ५४६२, म्हणजे सुमारे ७ लाख ८६ हजारांत एक. त्या मूठभरांत २ आणि त्याचे घात बसतात, आणि सवयीने आपण नेमका २ च निवडतो. २^क ± १ सारख्या रूपातून आलेल्या संख्येला कधीही २ पायाने तपासू नये. हीच गोष्ट अवयव शोधण्याच्या पोलार्डच्या प−१ पद्धतीची: ६४० = २^७ × ५ असल्यामुळे ती ६४१ झटक्यात काढून देते, पण पाया २ घेतला तर दोन्ही अवयवांसाठी घातांक ६४ च असल्याने मसावि म्हणून सबंध फ परत मिळते. पाया ३ घ्या: ३^६४० − १ आणि फ यांचा मसावि ६४१ च येतो.

फर्मा संख्यांसाठी योग्य चाचणी पेपँची, १८७७ ची. ३ पासून सुरू करा, प्रत्येक वेळी वर्ग करून फ ने बाकी घ्या, असं ३१ वेळा. फ मूळ असेल तर आणि तरच शेवटी −१, म्हणजे ४२९४९६७२९६ येतं. प्रत्यक्षात येतं १०३२४३०३. म्हणून संयुक्त, विभाजक माहीत नसतानाही. उत्तराची हाताने उलटतपासणी करता येते. फक्त ६४१ च्या बाक्यांत वर्ग करत जा: ३, ९, ८१, १५१, ३६६, ६२८, १६९, ३५७, ५३१, ५६२, ४७२, आणि पुन्हा ३५७. सातव्या वर्गापासून चारांचं चक्र सुरू होतं; ३१ − ७ = २४ ला ४ ने भाग जातो, म्हणून ३१ व्या वर्गाला ३५७ च. आणि १०३२४३०३ ला ६४१ ने भागल्यावर बाकी ३५७. जुळलं.

संगणकावर करताना चुकतं ते

चिन्हाविना ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४२९४९६७२९५. फ तिच्यापेक्षा २ ने मोठी, म्हणून ओव्हरफ्लो होऊन १ उरतो, आणि प्रोग्रॅम '६४१ ने बाकी १' असं बिनधास्त सांगतो. ६४ बिटांत फ मावते, पण पेपँच्या चाचणीत बाकीचा वर्ग करावा लागतो. चिन्हासहित ६४ बिटांत ३०३७०००४९९ च्या वरच्या बाकीचा वर्ग मावत नाही. चिन्हाविना ६४ बिटांतसुद्धा एक बाकी अडते: ४२९४९६७२९६ चा वर्ग २^६४, म्हणजे मर्यादेपेक्षा फक्त १ ने जास्त, आणि उत्तर ० येतं. −१ दर्शवणारी तीच बाकी असल्यामुळे ही चूक फार महाग पडते. १२८ बिटांचा गुणाकार किंवा कितीही मोठे पूर्णांक सांभाळणारी भाषा वापरा. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक ठेवत नाही, त्यामुळे २० अंकी वर्ग तिथे करूच नका. पायथॉन मोठे पूर्णांक नीट सांभाळतं, पण तिथे घातासाठी ** लागतं. २^३२+१ असंच टाइप केलं तर उत्तर ३५ येतं, कारण तिथे ^ म्हणजे बिटांची तुलना आणि बेरीज त्याच्या आधी होते.

दोन वर्गांची बेरीज, दोन प्रकारे

मला स्वतःला या संख्येचा सर्वांत आवडणारा गुणधर्म हा:

४२९४९६७२९७ = ६५५३६² + १² = ६२२६४² + २०४४९²

मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता आली तर एकाच प्रकारे येते. इथे दोन प्रकार आहेत, एवढ्यावरूनच फ संयुक्त ठरते, आणि अवयवही बाहेर पडतात. ज्यांचे वर्ग केले त्या संख्यांचे फरक आणि बेरजा घ्या. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८, मसावि ८; त्याने भागून ४०९ आणि २५५६. ६५५३६ + ६२२६४ = १२७८०० आणि २०४४९ + १ = २०४५०, मसावि ५०; भागून पुन्हा २५५६ आणि ४०९. आता ८ आणि ५० च्या निम्म्या घ्या, ४ आणि २५:

४² + २५² = ६४१
४०९² + २५५६² = ६७००४१७

दुसरा वर्ग-जोड कुठून आला असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर ब्रह्मगुप्ताच्या 'भावना' नावाच्या गुणाकार-नियमात आहे, तो ब्राह्मस्फुटसिद्धांतात (इ. स. ६२८) आला आहे. दोन वर्ग-बेरजांचा गुणाकार पुन्हा वर्ग-बेरीज होतो, आणि तोही दोन प्रकारे. ४ × ४०९ + २५ × २५५६ = ६५५३६ आणि २५ × ४०९ − ४ × २५५६ = १, हा एक. चिन्हं बदलली की २५ × २५५६ − ४ × ४०९ = ६२२६४ आणि ४ × २५५६ + २५ × ४०९ = २०४४९, हा दुसरा. हे चार गुणाकार एकदा हाताने करून पाहा. १०२२५ मधून १०२२४ वजा होऊन १ उरतो, तिथे ही संख्या कशी जोडलेली आहे ते डोळ्यांसमोर येतं.

आसपासच्या संख्या आणि भूमिती

फ − २ = ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. म्हणून त्या पाचांपैकी कुणीही फ ला भागलं तर बाकी २ च येते. १९३ नंतरच्या ओळीत २५७ ची बाकी २ आली ती यामुळे.

खुणा नसलेली पट्टी आणि कंपास एवढ्यानेच सुसम बहुभुज काढता येतो का, याचं उत्तर गाउसच्या कामातून (१७ बाजूंचा बहुभुज, १७९६) आणि वांझेलच्या १८३७ च्या सिद्धतेतून मिळालं: बाजूंची संख्या २ चा घात गुणिले वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्या अशी असेल तर आणि तरच. क = ५ पासून ३२ पर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त ठरल्या आहेत, आणि ६५५३७ च्या पुढे एकही मूळ सापडलेली नाही. त्यामुळे विषम बाजूंचा, काढता येणारा म्हणून माहीत असलेला सगळ्यात मोठा सुसम बहुभुज फ − २ बाजूंचा. फ − १ म्हणजे २^३२ बाजूंचाही निघतो. चौरसापासून सुरू करून बाजू ३० वेळा दुप्पट करा. फ बाजूंचा मात्र निघत नाही. निघाला असता तर त्याचा दर ६७००४१७ वा शिरोबिंदू जोडून ६४१ बाजूंचा सुसम बहुभुज मिळाला असता, आणि ६४० मध्ये ५ हा अवयव असल्यामुळे तो पट्टी-कंपासने काढता येत नाही.